धूर पास, नळी नापास

कॅलिफोर्नियात जुनी पिकअप बाळगणं म्हणजे घरात कायमचा दहावीचा विद्यार्थी पोसणं. दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ नावाची धुराची परीक्षा. १९८४ पासून चालू आहे. पास झाल्याचा दाखला नाही, तर रजिस्ट्रेशन पुढे सरकत नाही. माझी पिकअप १९८६ची, कार्बोरेटरवाली. बायको म्हणते, “अरे, मंडळाचं मखर वर्षातून एकदा न्यायचं, त्यासाठी हे धूड दारात कशाला?” याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी बॉनेट उघडून आत काहीतरी बघत बसतो.

पुण्यात पीयूसी काढायची तर पंपावरच्या व्हॅनवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, नंबरप्लेटचा फोटो काढला, कागद हातात दिला, संपलं. इथेही २०००पासूनच्या गाड्यांचं सोपं असतं, कॉम्प्युटरला वायर जोडतात. आमच्या म्हातारीला मात्र रोलरवर चढवतात. मागची चाकं ताशी १५ मैल, मग २५ मैल वेगाने जागच्या जागी धावतात आणि मागे लावलेली नळी हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड मोजते. “धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर चांगला तापव, फ्रीवेवर पळवून ने,” असं मंडळातल्या काकांनी बजावलं होतं. (काकांची स्वतःची गाडी विजेवर चालते.) पळवली. सगळे आकडे मर्यादेच्या आत! मी खुशीत पाकीट काढलं.

“फेल,” तंत्रज्ञ म्हणाला.

कारण इथे नुसता धूर बघून भागत नाही. धूर कमी करायला कारखान्यातून जे जे बसवून आलं होतं, ते सगळं जागेवर आहे का, हेही बघतात. इंजिनात साठलेले वायू परत जाळायला धाडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, थोडा धूर इंजिनात परत फिरवणारा ईजीआर, टाकीतली पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा, सगळ्यांची हजेरी. टाकीच्या झाकणाचीही वेगळी चाचणी! माझ्या गाडीत गैरहजर होती ती एक्झॉस्टजवळची गरम हवा एअर फिल्टरपर्यंत नेणारी वीतभर चंदेरी नळी. गार इंजिनाला सुरुवातीला ऊब मिळावी म्हणून. मी राहतो फ्रेस्नोला. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. माझ्या इंजिनाला हुडहुडी भरल्याचं मला तरी आठवत नाही.

शिवाय आधीच्या मालकाने हौसेने चकचकीत एअर फिल्टर लावलेला. त्यावर ईओ नंबर नाही, म्हणजे राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मंजुरी नाही. नळी दुकानात मिळाली. मूळचा फिल्टरचा डबा मात्र भंगाराच्या यार्डात उन्हातान्हात हिंडून शोधला. गंजका, पोचे आलेला. तो बघून तंत्रज्ञाचा चेहरा असा खुलला, जणू त्याच्या वर्गातलं हरवलेलं पोर सापडलंय. पास!

दाखला घेऊन घरी आलो, तर शेजारचे आजोबा त्यांची १९७२ची पिकअप सुरू करत होते. निळ्या धुरात त्यांचं कुंपण दिसेना. १९७५पर्यंतच्या गाड्यांना परीक्षाच माफ! पूर्वी तीस वर्षांची झाली की गाडी आपोआप सुटायची. २००४च्या कायद्याने ती सूट १९७५वर गोठवली. नाहीतर माझी केव्हाच सुटली असती.

“काय अडलं होतं?” धुरातून आजोबांचा आवाज आला. मी बॉनेट उघडून नळी दाखवली. आजोबांनी वाकून पाहिली.

“अशी माझ्या गाडीतही होती,” ते म्हणाले. “खडखडायची फार. काढून फेकली.”