विचारण्याचे भाडे

पट्टायाहून परतून आज नऊ दिवस झाले. सँडलच्या पट्ट्यांत अडकलेली वाळू निघून गेली, उन्हाने सोललेली नाकाची कातडीही निघून गेली, परंतु १३० बाटांचे दुःख काही केल्या निघत नाही. एका बाटाला पावणेतीन रुपये धरले तर ही रक्कम साडेतीनशेच्या आसपास भरते आणि तेवढ्यासाठी माणसाने इतके दिवस तोंड पाडून बसावे का, असा माझ्या पत्नीचा सवाल आहे. तिला मी एकच सांगतो की, पैसे हरवले असते तर मी विसरलो असतो. हे पैसे मी स्वतः घासाघीस करून, विजयी मुद्रेने दिलेले आहेत.

झाले ते असे. आम्हाला को लान या बेटावर जायचे होते आणि तिकडे जाणाऱ्या बोटी शहराच्या दक्षिण टोकाच्या बालीहाय धक्क्यावरून सुटतात. आम्ही उतरलो होतो उत्तर टोकाला, डॉल्फिनच्या कारंज्याच्या चौकाजवळ. मधल्या किनारपट्टीच्या रस्त्यावर गडद निळ्या रंगाच्या, मागे समोरासमोर दोन बाके टाकलेल्या गाड्या सतत धावत असतात. त्यांना सोंगथेव म्हणतात. थाई भाषेत या शब्दाचा अर्थच ‘दोन रांगा’ असा आहे. किनाऱ्याचा रस्ता एकेरी असून तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, त्याला समांतर असलेला दुसरा रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे येतो आणि या गाड्या त्यांवरून घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहतात. हात करायचा, मागून चढायचे, उतरायचे ठिकाण आले की छताला लावलेले घंटीचे बटण दाबायचे आणि खाली उतरून चालकाच्या हाती वर्षानुवर्षे चालत आलेले माणशी १० बाट ठेवायचे. या सगळ्यात बोलण्याचा प्रसंग कोठेही येत नाही. चालकाला ‘अमुक ठिकाणी किती घेणार?’ असे विचारले की, गाडी खास आपल्यासाठी ठरवायची आहे असे तो समजतो आणि त्याप्रमाणे दर सांगतो.

हे मला आज ठाऊक आहे. त्या सकाळी मला वेगळ्याच गोष्टी ठाऊक होत्या. थायलंडमध्ये उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत जो आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो (१ मे २०२५ पासून तो सुरू झाला आहे), तो सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतो आणि त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळायची असतात, हे मला ठाऊक होते. ई-सिगारेटला त्या देशात बंदी आहे, हेही ठाऊक होते. मी साधी सिगारेटही ओढत नाही, तरी ठाऊक होते. आणि मुख्य म्हणजे मी पुण्याचा आहे. रिक्षाजवळ जाऊन, किंचित वाकून, ‘येणार का?’ असे अजिजीने विचारायचे आणि चालकाने समोरच्या क्षितिजाकडे पाहत मान हलवली की पुढच्या रिक्षाकडे जायचे, या शिस्तीत माझी चाळीस वर्षे गेली आहेत. न विचारता वाहनात चढणे ही माझ्या दृष्टीने घरफोडीच्या खालोखालची गोष्ट आहे. म्हणून मी वाकलो आणि विचारले. चालक म्हणाला, ‘‘टू हंड्रेड.’’ मी शंभर म्हटले. तो दुखावला. अखेर आम्ही दीडशेवर आलो. आपण किती वाचवले हे पत्नीला बोटांनी खुणावत मी मागे चढलो.

मागे एक काका-काकू बसले होते. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत व्यवस्थित घड्या घालून दुमडली होती आणि त्यांच्या गळ्यात मोबाइल भिजू नये म्हणून मिळणारी प्लॅस्टिकची पारदर्शक थैली होती. तीत मोबाइल नव्हता. तीत तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. गाडी सुरू होईपर्यंत काका माझ्याकडे नुसते पाहत राहिले. ती नजर मला परिचित होती; लग्नात आपण चुकीच्या पंगतीला बसलो की आचारी आपल्याकडे असेच पाहतो.

‘‘काय ठरलं मग?’’ त्यांनी विचारले.

‘‘दीडशे,’’ मी म्हणालो. आवाजात अभिमान होता, हे कबूल करतो.

‘‘दोघांचे?’’

‘‘दोघांचे.’’

‘‘आधी दोनशे म्हणाला असंल.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे चांगले उतरवलेत की.’’ एवढे बोलून काकांनी थैलीची चिकटपट्टी उघडली, पुडी काढली, चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, मळली, झटकली आणि दाढेखाली सरकवल्यावर, समुद्राकडे पाहत, सहज हवामानाविषयी बोलावे तसे ते म्हणाले, ‘‘आमचे वीस.’’

‘‘वीस काय?’’

‘‘बाट. दोघांचे.’’

काही क्षण गाडीच्या इंजिनाखेरीज कोणी काही बोलले नाही.

‘‘गाव कुठलं?’’ काकांनी विचारले.

‘‘पुणे.’’

‘‘तरीच,’’ काका म्हणाले आणि काकूंनी त्यांना कोपराने ढोसले.

मग काकांना कंठ फुटला. ते कराडजवळचे होते आणि त्यांच्या मते थायलंडमध्ये शिकण्यासारखे काहीही नव्हते, कारण हे आपले वडापच, म्हणजे वाटेत माणसे चढवत-उतरवत जाणारी खासगी जीपच होते. ‘‘कराडच्या स्टँडावर वडापवाल्याला कुणी विचारतं का, बाबा ओगलेवाडीला किती घेणार म्हणून? बसायचं. उतरायचं. द्यायचं. जो विचारतो तो परगावचा, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल.’’

‘‘पण काका,’’ मी म्हणालो, ‘‘मी घासाघीस करत होतो तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. सगळं ऐकत होतात. मग सांगितलं का नाहीत?’’

काकांना या प्रश्नाचे मनापासून आश्चर्य वाटले. ‘‘तुम्ही त्याला विचारत होता. आम्हाला कुठं विचारलंत?’’

यावर आजतागायत मला उत्तर सुचलेले नाही आणि माझा खरा राग इथेच आहे. चालकावर माझा राग नाही. पट्टाया हे मुळात मासेमारीचे लहानसे गाव होते; १९६०च्या दशकात व्हिएतनाम युद्धातले अमेरिकी सैनिक तेथे सुट्टी घालवायला येऊ लागले आणि गावाचे नशीब पालटले. पाव्हण्याचा खिसा चेहऱ्यावरून ओळखण्याची साठ वर्षांची विद्या ज्या गावापाशी आहे, त्याने माझा खिसा ओळखला नसता तरच नवल. परंतु आपला माणूस, आपली भाषा बोलणारा, तीन फुटांवर बसून आपले नुकसान पूर्ण होईपर्यंत वाट पाहतो आणि ते झाल्यावर रकमेसकट समजावून सांगतो, ही गोष्ट मला परदेशात अधिक लागली. आपल्याकडे सल्ला हा वर्षश्राद्धासारखा असतो. तो घटना घडून गेल्यावरच करायचा असतो.

दीडशेत धक्क्याच्या दारापर्यंत सोडतील अशी माझी समजूत होती. गाडी नेहमीच्या मार्गाने, नेहमीचे थांबे घेत, दक्षिणेच्या वळणापर्यंत आली आणि चालकाने धक्क्याच्या दिशेला बोट दाखवले. काकांनी वीस बाटांची हिरवी नोट दिली. मी शंभराच्या दोन तांबड्या नोटा दिल्या. परत आलेल्या पाच नाण्यांपैकी एक हातातून निसटून रस्त्यावर घरंगळत निघाले आणि मी ते अडवण्यासाठी पाय उचलला.

‘‘पाय काढा!’’ काका असे काही ओरडले की, दुकानापुढे पाणी मारणारी बाई नळी तशीच धरून उभी राहिली. थायलंडच्या नाण्यांवर आणि नोटांवर राजाचे चित्र असते आणि त्यावर पाय देणे तेथे मोठा अनादर मानतात. राजाच्या अवमानाला त्यांच्या कायद्यात ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. नाणे थांबवल्याबद्दल कोणाला आत टाकल्याचे मी ऐकलेले नाही. तरीही एका पायावर उभा राहून मी १० बाटांना १५ वर्षांनी भागून पाहिले. काकांनी दिलेला हा एकमेव वेळेवरचा सल्ला असल्यामुळे मी त्यांचे आभार मानले. नाणे मात्र गटाराच्या जाळीत गेले.

त्यानंतर धक्क्यापर्यंत चालत जाताना काकांनी माझ्या सहलीचे उर्वरित लेखापरीक्षण केले. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर खेपेला २२० बाट किंवा त्याहून जास्त कापून घेतात, म्हणून एकदाच काय ते काढावे. मी तीन वेळा काढले होते. यंत्र ‘रुपयांत हिशेब करू का?’ असे विचारते तेव्हा नाही म्हणावे. मी तिन्ही वेळा आपुलकीने हो म्हटले होते. जेट-स्की भाड्याने घेतली तर आधीच सगळीकडून चित्रफीत काढून ठेवावी, नाहीतर जुने ओरखडे आपल्या नावावर येतात, आणि पासपोर्ट कोणाकडे गहाण ठेवू नये. हे दोन्ही मी अद्याप केले नव्हते, हे ऐकून काका थोडे हिरमुसले. काकूंनी पत्नीला बाजूला घेऊन सांगितले की, थाई जेवणात भाजीतही माशाचा सॉस असतो, म्हणून शाकाहारी माणसाने ‘जे’ म्हणावे आणि पिवळ्या झेंड्यावरचे लाल अक्षर शोधावे. आम्ही तीन दिवस भाजी म्हणून काय खाल्ले, याचा विचार मी तेथेच सोडून दिला. धक्क्यावर साध्या बोटीचे तिकीट ३० बाट होते. खिडकीशी मी तोंड उघडले नाही. नुसती दोन बोटे दाखवली.

बेट सुंदर होते. पाणी निळे होते. मला त्याविषयी एवढेच आठवते.

संध्याकाळी परतल्यावर, उत्तरेकडे येणाऱ्या त्या समांतर रस्त्याच्या कोपऱ्यावर निळ्या गाड्यांची रांग उभी होती. मी ताठ मानेने, कोणाकडेही न पाहता, पहिल्या गाडीत चढलो. गाडी भरली आणि निघाली. थोड्या वेळाने ती चढ चढू लागली.

‘‘सकाळी वाटेत चढ कुठं होता?’’ पत्नी म्हणाली. ‘‘त्याला विचार ना.’’

‘‘विचारायचं नाही,’’ मी म्हणालो.

टेकडी ओलांडून गाडी पलीकडच्या जोमतिएनच्या किनाऱ्याला लागली आणि एकेक करून सगळे उतरून गेले. त्या कोपऱ्यावरच्या गाड्या जोमतिएनला जातात, हे तेथे कोणीही सांगितले असते. आम्ही उतरलो, मी वीस बाट दिले आणि मग वाकून, डॉल्फिनच्या चौकाला परत किती घेणार, असे विचारले. तो म्हणाला, ‘‘टू हंड्रेड.’’

मी १४०वर आणले.