उशाखालचा न्यायाधीश

अमेरिकेत घर घेतले, दारात दोन गाड्या लावल्या, मुलांना पोहण्याच्या शिकवणीला घातले, की गृहस्थाश्रमातील एकच कर्तव्य शिल्लक राहते आणि ते म्हणजे रात्री-अपरात्री येणाऱ्या चोराच्या स्वागताची तयारी. कुत्रा पाळावा तर त्याला थंडीवाऱ्यात फिरवावे लागते, भक्कम कुलूप लावावे तर ते आठवणीने बंद करावे लागते, आणि साधे पिस्तूल घ्यावे तर नेम धरायला शिकावे लागते. या तिन्ही कटकटी ज्यांना नकोत अशा सुज्ञ वाचकांनी छर्ऱ्यांचे काडतूस उडवणारे रिव्हॉल्वर विकत घ्यावे. एक चाप ओढला की छर्ऱ्यांचा फवारा उडतो, आणि फवाऱ्याला नेम लागत नाही, असे ते विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले असते. दुकानात शंका विचारू नयेत. विक्रेत्याचा विरस होतो.

आपण घेणार आहोत त्या वस्तूचे घराणे मात्र माहीत असावे. ब्राझीलच्या टॉरस कंपनीने हे रिव्हॉल्वर काढले तेव्हा त्याला ४४१० असा एक रुक्ष क्रमांक होता. मायामीतील काही न्यायाधीश स्वसंरक्षणासाठी ते जवळ बाळगतात असे कंपनीच्या कानी आले आणि २००६ साली त्याचे ‘जज’ असे बारसे झाले, अशी हकिगत कंपनीच सांगते. पुढे त्याच कुळात ‘पब्लिक डिफेंडर’ हे आखूड भावंड जन्मले, आणि २०११ साली स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीने सहा काडतुसांचा ‘गव्हर्नर’ आणला. न्यायाधीश, आरोपीचा सरकारी वकील आणि शिक्षा माफ करणारा राज्यपाल असे तिघेही आता पलंगाशेजारच्या एकाच खणात मावतात; आरोपी तेवढा बाहेरून यावा लागतो.

यात दोन प्रकारची काडतुसे बसतात. एक ‘.४५ कोल्ट’, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील घोडेस्वारांच्या रिव्हॉल्वरची जाडजूड गोळी, आणि दुसरे ‘फोर-टेन’ (.४१०), म्हणजे शॉटगनच्या प्रचलित काडतुसांपैकी जवळजवळ सर्वांत बारीक. अडीच इंची फोर-टेनमध्ये साधारण अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम छर्रे मावतात. नेहमीच्या बारा बोअरच्या काडतुसात त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्या लोकांना या मापाचे अप्रूप वाटू नये, कारण ब्रिटिश अमदानीत ली-एनफिल्ड रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून त्यांच्या एकबारी .४१० मस्केटी बनवल्या गेल्या आणि ज्यांच्या हाती दमदार रायफल द्यायची नाही अशा पोलिसांना व पहारेकऱ्यांना त्या वाटण्यात आल्या. साहेबाने ज्या मापावर हिंदी शिपायाची बोळवण केली, तेच माप आज उपनगरातील गृहस्थाला पराक्रमाचे साधन म्हणून पूर्ण किमतीत मिळते. याला प्रगती म्हणावे.

आता नळीविषयी, कारण खरी गंमत तिच्यात आहे. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. छर्रे तिच्यातून सरळ, एकमेकांना धरून जातात. परंतु १९३४ सालच्या अमेरिकी केंद्रीय कायद्याने अठरा इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनवर नोंदणी आणि त्या काळचे चांगले दोनशे डॉलर एवढा कर बसवला, आणि आखूड गुळगुळीत नळीच्या पिस्तुलांनाही त्याच कायद्याच्या जाळ्यात ओढले. तीन इंची नळीचे हे रिव्हॉल्वर त्या जाळ्यातून सुटावे म्हणून तिच्या आत पिळदार खाचा पाडलेल्या असतात, आणि या खाचा .४५ च्या गोळीसाठी आहेत, छर्रे उडतात हा निव्वळ योगायोग, अशी सरकारची व कारखानदाराची समजूत पटलेली आहे. कॅलिफोर्नियाची समजूत पटली नाही. तेथे ही वस्तू आखूड शॉटगन मानली जाते आणि सामान्य माणसाला बाळगता येत नाही. तेथील वाचकांनी राज्य बदलावे किंवा कुत्रा पाळावा.

या खाचांचा परिणाम असा, की गोळीला स्थैर्य देणारा पीळ छर्ऱ्यांना मात्र चौफेर भिरकावून देतो. नळीबाहेर पडताच ते पांगतात, आणि पांगताना मध्यभागी पोकळी सोडून कडेकडेने जाण्याकडे त्यांचा कल असतो. थोडक्यात, ज्याच्यावर आपण रोखले तो मध्ये उभा राहतो आणि त्याच्या भोवतालच्या भिंतीची, तसबिरींची व लग्नात आलेल्या काचसामानाची अंदाजे रूपरेषा उमटते. बरे, गोळीचे तरी नीट व्हावे, तर काडतुसाचे घर लांबलचक फोर-टेनच्या मापाने केलेले असल्यामुळे बिचारी .४५ ची गोळी खाचांपर्यंत पोहोचण्याआधी रिकाम्या जागेत उडी मारते आणि नेमकेपणा वाटेतच सांडते. करात सवलत मिळाली, शॉटगन गेली, रिव्हॉल्वरही अर्धेच राहिले. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. पण धुपाटणे दिसायला भारदस्त आहे, आणि ते रोखल्यावर समोरचा त्याची तांत्रिक चिकित्सा करीत बसत नाही, हा मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

काडतूस निवडताना बारीक छर्ऱ्यांचे, पाखरे मारायचे काडतूस घ्यावे, असा प्रेमळ सल्ला अनेक जण देतात, कारण त्याने भिंतीपलीकडच्या माणसांना धोका कमी. सल्ला भूतदयेला धरून आहे. १९८६ मध्ये मायामीतच एफबीआयच्या दोन अधिकाऱ्यांचा चकमकीत बळी गेला, त्यानंतर त्या संस्थेने गोळ्या जोखण्याची जी कसोटी ठरवली तिच्यात मांसाच्या जागी वापरलेल्या जेलाटीनमध्ये गोळीने किमान बारा इंच शिरावे अशी अपेक्षा आहे. तीन इंची नळीतून, वेग हरवून निघालेले हे बारीक छर्रे त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाहीत. जाड जाकीट घातलेल्या चोराला ते फार तर अपमानास्पद वाटतील. म्हणून कारखानदारांनी खास या रिव्हॉल्वरांसाठी वेगळी काडतुसे काढली. एकात नऊ मिलिमीटर जाडीचे चार मोठे छर्रे एकापाठोपाठ एक रचलेले असतात, तर विंचेस्टर कंपनीच्या एका काडतुसात तीन चपट्या चकत्या आणि शिवाय बारा छर्रे अशी मिसळ भरलेली असते. ही काडतुसे काम करतात. फक्त जे चोराला थांबवते ते अमेरिकी घरातील अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या भिंतीला जुमानत नाही, आणि जे भिंतीला जुमानते ते चोराला थांबवत नाही. तेव्हा मुलांच्या खोल्या कोणत्या दिशेला आहेत ते आधी कागदावर काढून ठेवावे, आणि चोराला त्याप्रमाणे उभे राहण्यास सुचवावे.

चोर ओळखण्याच्या बाबतीतही फार काटेकोर राहू नये, कारण काटेकोरपणाला वेळ लागतो, आणि वेळ वाचवण्यासाठीच आपण हे साधन घेतले आहे. १९९२ साली लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे हॅलोविनच्या मेजवानीला निघालेला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी चुकीच्या घराच्या दारात गेला आणि घरमालकाच्या रिव्हॉल्वरने मारला गेला. घरमालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात एक मोटार चुकून दुसऱ्याच्याच घराच्या वाटेवर वळली, चूक लक्षात येऊन परतही फिरली, आणि तिच्यातील वीस वर्षांच्या मुलीला घरमालकाने गोळी घातली. त्याला मात्र जन्मठेपेपर्यंत जाणारी शिक्षा झाली. सगळी घरे एकाच साच्यातून काढलेल्या आपल्या वसाहतींत नवीन आलेला पाहुणा तीन दारे ठोठावल्याशिवाय योग्य घरी पोहोचत नाही, हे गणपतीच्या आरतीला लोकांना बोलावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रसादाच्या निरोपासोबत घराचा क्रमांक ठळक कळवावा.

वाहनातील संरक्षण हा या रिव्हॉल्वरच्या जाहिरातींचा लाडका विषय. गाडी पळवणारा खिडकीशी येतो, आपण बसल्या जागी वळतो, आणि पुढचे काम छर्रे पाहून घेतात, असे त्याचे चित्र असते. त्या चित्रात आसनाचा पट्टा नसतो, सुकाणूचक्र नसते, शेजारच्या आसनावर आपल्या मांडीवर डबा सांभाळत बसलेली सौभाग्यवती नसते, आणि मागे बाळाची खुर्ची तर मुळीच नसते. प्रत्यक्षात या सर्व मंडळींना ओलांडून, लांब व जड चाप ओढत, ते अवजड यंत्र फिरवायचे आहे. रिव्हॉल्वरमध्ये फिरते चाक व नळी यांच्यात एक बारीक फट असते आणि बार उडताना तिच्यातून तापलेले वायू आडवे फेकले जातात. त्या वेळी आपला दुसरा हात, किंवा दुसऱ्या कुणाचा चेहरा, त्या रेषेत नसावा. आवाजाचे तर विचारूच नये. १४० डेसिबलच्या पुढे एकच धमाका श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो आणि बहुतेक बंदुका ती मर्यादा मोकळ्या माळावरच ओलांडतात. इथे तर काचा बंद असलेली मोटार आहे. त्यानंतर पोलीस येऊन काय विचारतात ते आपल्याला ऐकू येणार नाही, हा वकिलांच्या दृष्टीने फायदाच म्हणावा लागेल, कारण पोलिसांशी बोलू नका असेच ते सांगत असतात.

या क्षेत्रात कल्पकतेची उणीव मात्र कधीच नव्हती. १९९८ साली जोहान्सबर्गमध्ये गाडीच्या दारांखालून ज्वाळा फेकणारे यंत्र विक्रीला आले होते, आणि निदान त्या यंत्रात चालकाचे दोन्ही हात सुकाणूवर राहत असत. त्याहून सोपा, म्हणजे पाय वेगवर्धकावर दाबून निघून जाण्याचा उपाय अजूनही विनामूल्य उपलब्ध आहे, परंतु त्याला आकर्षक खोके मिळत नाही.

रिव्हॉल्वर गाडीत कुठे ठेवायचे, हा प्रश्न आपण न सोडवला तरी इतर लोक सोडवतात. अमेरिकी शहरांत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा फार मोठा वाटा आता उभ्या मोटारींतून जातो. ज्या चोरापासून गाडी वाचवायची, त्यालाच गाडीत हत्यार तयार ठेवून द्यायचे, ही अतिथीधर्माची परिसीमा झाली. घरात ठेवावे तर लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवावे, म्हणजे मुलांच्या हाती लागत नाही. पण मग चोर आल्यावर त्याला थोडे थांबायला सांगावे लागते. उशाखाली ठेवावे तर चटकन हाती येते, अगदी कुणाच्याही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, ही माहिती दुकानाच्या काउंटरवर कुणी देत नाही, आणि विनोदाने देण्यासारखी तीही नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, असे समजून निर्धास्त असावे. फ्लोरिडाने २००५ मध्ये आणि टेक्सासने २००७ मध्ये घराप्रमाणेच आत माणूस बसलेल्या वाहनालाही गढीचा दर्जा दिला. तिथे जबरदस्तीने घुसणाऱ्यापुढे मागे हटण्याचे बंधन नाही. एक बारीक कलम तेवढे वाचायचे राहून जाते. टेक्सासच्या दंडसंहितेनुसार स्वसंरक्षणासाठी बळ वापरणे समर्थनीय असले, तरी त्या भरात बेपर्वाईने एखाद्या निरपराध तिऱ्हाइताला इजा झाली, तर त्या इजेपुरते ते समर्थन मिळत नाही. म्हणजे उडवलेल्या प्रत्येक छर्ऱ्याचे पालकत्व आपल्याकडेच. बारीक छर्ऱ्यांच्या अर्ध्या औंसात ते शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी; एवढे मोठे कुटुंब चालवण्याची तयारी असावी.

या रिव्हॉल्वरचे एक गिऱ्हाईक मात्र पूर्ण समाधानी आहे, आणि त्याची चेष्टा मला करवत नाही. टेक्सासच्या किंवा ॲरिझोनाच्या माळरानावर कुंपण दुरुस्त करणाऱ्या गुराख्याच्या पायाशी खुळखुळ्या साप निघतो, दोन पावलांचे अंतर असते, बारीक छर्रे पुरतात, मागे फक्त माती असते आणि पांगण्याचा तोटाही नसतो. तिथे हे साधन चोख काम करते. उपनगरातील बाकीचे खरेदीदार साप साप म्हणून भुई धोपटत असले, तर तो गुराख्याचा दोष नव्हे.

राहता राहिला आपल्यापैकी जे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आले आहेत, त्यांचा प्रश्न. एच-वन-बी धारकाला केंद्रीय कायद्याने बंदूक घेण्यास व बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे; परंतु ज्याच्याजवळ अमेरिकेतील एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल त्याला सूट आहे, आणि दुकानातील अर्जावर हा अपवाद व्यवस्थित विचारलेला असतो. तेव्हा टेक्सासमधील प्लेनोच्या दुमजली घरातील शयनगृहाच्या रक्षणासाठी संगणक अभियंत्याने प्रथम शिकारी व्हावे. चातुर्मासात कांदा न खाणाऱ्यांनाही तो परवाना मिळतो. कुणी विचारत नाही. एकच दक्षता घ्यावी. टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो, आपण तो कोणत्याही महिन्यात काढलेला असो. त्यामुळे नूतनीकरण विसरल्यास १ सप्टेंबरच्या पहाटे घरात दोन गुन्हेगार असतील, आणि त्यांपैकी केंद्र सरकारचा गुन्हेगार कोणता, हे ठरवायला खणातल्या न्यायाधीशाचा उपयोग होणार नाही. चोर बहुधा ग्रीन कार्डवाला असेल.