"शिळा पाव दिला" ह्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या ह्या इटालियन बेकरीने 7 डॉलर घेऊन शिळा, दगडासारखा पाव दिला आणि काउंटरवरच्या म्हातारीने हातातून पाव ओढून घेतला. मराठीत लिहिलंत म्हणून मराठीतच उत्तर देतेय. मी ह्या घरची सून, माहेर सोलापूरचं. गणपतीत घरी पाहुणे आणि तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल खरंच सॉरी.

पण शिळा नव्हता हो. हा एक शब्द रात्रभर डोक्यातून गेला नाही. तुमच्या बिलावर शनिवार 11:40 आहे, तो पाव त्याच पहाटे साडेचारला भट्टीतून निघालाय, मी स्वतः फळीवर लावलाय. नवरा रात्री 1 ला भट्टीवर उभा राहतो, पीठ त्याच्या आदल्या संध्याकाळी भिजवलेलं असतं. आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवला आणि रविवारी संध्याकाळी पावभाजीबरोबर वाढला. म्हणजे भट्टीतून निघून 36 तास झाले, त्यातले बहुतेक फ्रीजमध्ये! फ्रीजमध्ये पाव टिकत नाही दादा, उलट बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, कारण त्या थंडीत पिठातला स्टार्च भराभर घट्ट होतो. कापडात गुंडाळून ओट्यावर ठेवायचा, नाहीतर सरळ फ्रीजर. आणि हा पावभाजीचा पाव नाहीच. त्या लादीपावात मऊपणासाठी तूप-तेल, साखर असते, आमच्यात ड्युरम गव्हाचा बारीक रवा, आंबवण, पाणी, मीठ, बास. कवच जाडच असतं. सासऱ्यांच्या पुलिया भागातल्या (दक्षिण इटली) आल्तामुरा गावच्या पावाला 2003 साली युरोपात पीडीओ मिळालं, आपल्या जीआय टॅगसारखं, त्याच्या नियमातच लिहिलंय की कवच निदान 3 मिलिमीटर पाहिजे. आमचा पाव आल्तामुराचा आहे असं मी म्हणत नाही, पण पद्धत त्याच बाजूची आहे.

आणि खरं सांगू का, शिळ्याला नावं ठेवणारं हे घरच नाही. तिकडे उरलेल्या पावाचं पानकोत्तो करतात, पाण्यात शिजवून वर ऑलिव्ह ऑइल. फ्रिसेल्ले म्हणून दोनदा भाजलेला कडक पाव असतो, पाण्यात बुडवून टोमॅटोबरोबर खायचा, मी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आमच्या सोलापूरच्या कडक भाकरीची आठवण येऊन डोळे भरून आले होते. पण ते सगळं आमच्या ताटात. गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीचा पाव ताजा म्हणून द्यायचा नाही हे सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासून पाळलंय. ते पुलियातल्याच मोल्फेत्ता गावचे, कोळ्याच्या घरचे. अमेरिकेत येऊन राहण्याचा 1965 चा कायदा येण्याआधी इटलीला वर्षाला साधारण 5,650 जणांचाच कोटा होता, कायदा बदलल्यावर मोठ्या भावाने बोलावून घेतलं (लाईनीत थांबणं काय असतं ते इथल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको). बरीच वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर रात्रपाळी करून मग हे दुकान घेतलं. आता "शिळा पाव देतात" असं वाचून उद्या गल्लीतलं कोणी आलं नाही तर आम्ही काय करायचं?

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांनी पाव ओढला हे खरं आहे, तसं करायला नको होतं, त्यांच्या वतीने माफी मागते. पण तुम्ही "व्हेजिटेरियन" म्हणालात आणि हात घातलात तो लार्ड ब्रेडच्या ट्रेमध्ये. त्यात डुकराची चरबी आणि प्रोशुत्तोचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे असतात. माझ्यामुळे त्यांना व्हेज म्हणजे काय ते चांगलं माहितीये, माझी आई येते तेव्हा तिच्यासाठी सुरीसुद्धा वेगळी काढतात. इंग्लिश पटकन सुचत नाही म्हणून हातच पुढे झाला. त्यात तो शनिवार मादोन्ना देई मार्तिरीच्या, म्हणजे मोल्फेत्ताच्या मेरीमातेच्या, जत्रेचा, मोल्फेत्ताकडची मंडळी 1927 पासून इथे ती करतात, मूर्ती बोटीत बसवून हडसन नदीवर नेतात, अगदी आपल्या विसर्जनासारखी गर्दी, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

लार्डच्या ट्रेवर मोठी पाटी लावायचं मनात आहे, गर्दीच्या दिवशी काउंटरवर अजून एक माणूस ठेवता येतो का तेही बघतो. 7 डॉलर मात्र कमी करता येणार नाहीत, रवा तिकडूनच येतो.

उरलेला पाव टाकला नसेल तर वरून पाण्याचा हात फिरवून 350 फॅरनहाइटला 10 मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा आणि गरम असतानाच खा. आणि परत आलात तर सकाळी 10 च्या आत या, मला हाक मारा, मी मागे भट्टीपाशी असते.