कंटेम्प्टच्या नोटिशीवर फिरणारा तो मेसेज आणि त्यातला एकेक मुद्दा

गेले काही महिने एक लांबलचक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच चार ग्रुपवरून आलाय, आणि परवा तर एक पक्षकार त्याची प्रिंट काढून घेऊन आला, ओळींखाली पेनने रेघा मारलेल्या. मेसेजचं म्हणणं असं की फॅमिली कोर्टाची ऑर्डर पाळली नाही म्हणून समोरच्याने कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाच्या अवमानाची केस, टाकली तरी घाबरायचं काही कारण नाही. नोकरी गेली सांगा. मूल यायला तयार नाही सांगा. अपील टाका, ऑर्डर आपोआप थांबते. फारच अंगाशी आलं तर माफी मागा, सुटता. आणि जेलमध्ये जावंच लागलं तर महिना काढा, पोटगीची थकबाकी मिटते.

मी फॅमिली कोर्टात रोज उभी राहणारी वकील आहे, कंटेम्प्ट टाकणाऱ्यांच्या बाजूनेही लढलेय आणि ज्यांच्यावर टाकली त्यांच्याही. या मेसेजमुळे माणसं स्वतःचा चांगला बचाव स्वतःच्या हाताने घालवतायत, हे डोळ्यासमोर बघतेय म्हणून लिहायला बसले.

आधी ही कंटेम्प्ट कुठे चालते ते बघा, कारण मेसेज लिहिणाऱ्याला तेच माहीत नाही. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याखाली दिवाणी अवमानाची, म्हणजे ऑर्डर न पाळल्याची, शिक्षा फॅमिली कोर्ट स्वतः देत नाही, ते प्रकरण हायकोर्टात जातं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा बघून लोक हसतात, सहा महिने मात्र कोणी वाचत नाही. आणि या सगळ्याचा कणा एका शब्दात आहे, जाणूनबुजून. ऑर्डर मोडली एवढ्याने भागत नाही, ती मुद्दाम मोडली हे टाकणाऱ्याला दाखवावं लागतं, आणि तेही जवळजवळ फौजदारी केससारखं पक्कं. ऑर्डरचे खरोखरच दोन अर्थ निघत असतील आणि तुम्ही त्यातल्या एका अर्थाने वागला असाल तर तो मुद्दाम भंग धरत नाहीत. म्हणजे बचाव आहे, नाही असं नाही, पण तो मेसेजमध्ये लिहिलाय तसा नाही.

आता नोकरीचा मुद्दा, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. खरोखर पैसे नसणं हा बचाव आहेच, सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की खरी असमर्थता म्हणजे जाणूनबुजून केलेला भंग नव्हे. पण "सांगा" या शब्दात सगळा घोळ आहे. सांगून चालत नाही, दाखवावं लागतं. तो प्रिंटवाला पक्षकार, त्याची कंपनी खरंच बंद झालेली, महिना बारा हजार मेंटेनन्स म्हणजे पोटगी, सात महिने थकलेले. मी म्हटलं दादा कागद दाखवा, तर त्याने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. कंपनीचं पत्र, पीएफचा उतारा, आईच्या ऑपरेशनची बिलं, सगळं खरं. आणि त्यातच पासबुक. पासबुकात दर महिन्याच्या 5 तारखेला नव्या मोटारसायकलचा हप्ता जातोय, एकदाही चुकलेला नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा तो गप्प झाला. समोरचा वकील हेच पान हायकोर्टात वाचणार, माणसाकडे बारा हजार नव्हते हे कबूल, पण बाईकला होते आणि पोरीला नव्हते.

शिवाय सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं. त्यात एक आकडा आणि कंटेम्प्टच्या रिप्लायमध्ये दुसरा आकडा असं झालं की संपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोकरी जाते त्या महिन्यात कोर्टात जायचं असतं, नोटीस आल्यावर नाही. पोटगी कमी करून मागायचा रस्ता कायद्यातच आहे, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 146. तो अर्ज पेंडिंग आहे एवढ्यावर ऑर्डर थांबत नाही, पण ज्या माणसाने वेळेवर अर्ज टाकला आणि जमेल तसे चार हजार का होईना भरत राहिला, त्याला मुद्दाम मोडलं म्हणणं फार अवघड जातं. भरताना फोनवरून पाठवा आणि कशाचे पैसे, कोणत्या महिन्याचे ते तिथेच लिहा. रोख हातात दिले हे कंटेम्प्टमध्ये सिद्ध करता करता नाकी नऊ येतात, मी बघितलंय, खरे दिलेले पैसे बुडालेत लोकांचे.

मूल ठरलेल्या भेटीला यायला तयार नाही, हा दुसरा मुद्दा. हे बहुतेक वेळा आईला सांगितलं जातं आणि ताई मंडळी विश्वास ठेवतात. मूल खरंच रडतं, खरंच नको म्हणतं, मला ते नाकारायचं नाही. पण ऑर्डर मुलाला नाहीये, तुम्हाला आहे, आणि शनिवारी अकरा वाजता मुलाला घेऊन या असं त्यात लिहिलं असेल तर घेऊन येणं हे तुमचं काम. येऊनही मूल वडिलांकडे गेलं नाही तर ते तिथल्या समुपदेशकांसमोर होऊ दे, त्यांच्या नोंदीत येऊ दे. घरी बसून "तो नाही म्हणतो" एवढा मेसेज टाकला तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. माझ्या एका पक्षकाराच्या मुलीला ॲक्सेसच्या, म्हणजे वडिलांना भेटायच्या दिवसाच्या, आदल्या रात्री 103 ताप, तिने रात्रीच वडिलांना थर्मामीटरचा फोटो पाठवला, सकाळी डॉक्टरचा कागद पाठवला, आणि त्याच मेसेजमध्ये विचारलं की पुढचा रविवार चालेल का. ती शेवटची ओळ महत्त्वाची. नंतर कंटेम्प्ट आली तेव्हा त्या एका ओळीने तिला वाचवलं, कारण ज्याला भेट टाळायची असते तो दुसरी तारीख सुचवत नाही. मूल सतत घाबरत असेल तर ॲक्सेसची ऑर्डर बदलून घ्यायला अर्ज करा, कोर्टं करतात बदल.

अपील टाकलं की ऑर्डर थांबते, हे सरळ खोटं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 मध्ये (इथे ऑर्डर म्हणजे त्या कायद्यातलं प्रकरण) स्वच्छ लिहिलंय की नुसतं अपील दाखल केलं म्हणून स्टे, म्हणजे स्थगिती, मिळत नाही. स्टे मागावा लागतो, मिळावा लागतो, आणि बहुतेक वेळा थोडी रक्कम भरायची अट येते. स्टे नसेल तर ऑर्डर जिवंत आहे, पाळा.

माफीचं अर्धं खरं आहे. माफीने कोर्टाचं समाधान झालं तर शिक्षा माफ होऊ शकते, आणि माफी मनापासून असेल तर केवळ ती सशर्त आहे म्हणून ती नाकारू नये असंही कायद्यात आहे, म्हणजे आधी "मी भंग केला नाही, पण कोर्टाला तसं वाटत असेल तर बिनशर्त माफी मागतो" असं लिहिता येतं. पण कोर्ट पहिलं विचारणार, पैसे भरले का, मूल आणलं का. थकबाकी तशीच ठेवून हात जोडले तर ती माफी कोणी माफी समजत नाही. रिप्लायमध्ये माफी पहिल्या तारखेलाच लिहा, आणि सोबत भरल्याची पावती जोडा.

आणि तो जेलचा मुद्दा, हा वाचून मला खरंच राग आला. मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. पोटगी थकवली म्हणून वॉरंट निघून होणारी कैद, जुनं कलम 125 आता 144, ती थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत, आणि मध्येच पैसे भरले तर सुटका. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की ही कैद वसुलीचं साधन आहे, जेलमध्ये जाऊन आलं म्हणून रक्कम फिटत नाही. महिना आत काढून बाहेर आलेल्या माणसाची नोकरीही गेलेली असते आणि थकबाकी तिथेच उभी असते, वर जप्तीची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, वेगळी.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच आणि ती बचावात सगळ्यात आधी तपासायची असते. कंटेम्प्ट भंगाच्या तारखेपासून एक वर्षात टाकावी लागते. आणि कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी समजुतीने ठरवून कोर्टात दिलेल्या अटी, असतील तर त्यात तुम्ही कोर्टाला अंडरटेकिंग म्हणजे हमी दिलीये की फक्त आपसात ठरलेलं लिहिलंय, हे वाचा, फरक मोठा आहे. नोटीस हातात आली की मूळ ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आणि रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी, काढा, मेसेज बाजूला ठेवा.

तो बाईकवाला पक्षकार दोन दिवसांनी परत आला. बाईक विकायला काढलीये म्हणाला, तीन महिन्यांचे पैसे भरले होते, प्रत्येक पावतीवर महिना लिहिलेला. प्रिंट आणली नव्हती. 146 चा अर्ज आम्ही त्याच दुपारी टाइप करून घेतला.