पिल्लाच्या चोचीत पाण्याचा थेंबही टाकू नका

‘घरट्यातून पडलेलं पिल्लू वाचवण्याचे पाच उपाय’ हा मेसेज पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत दरवर्षी फिरतो. या वेळी तो घरच्याच ग्रुपवर आला आणि दोघांनी पुढे पाठवलासुद्धा. कृपा करून थांबा. त्यातल्या उपायांनी धडधाकट पिल्लं मरतात.

‘जमिनीवर दिसलेलं पिल्लू अनाथ असतं, लगेच घरी आणा.’ आधी नीट बघा तरी! अंगावर पिसं भरलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या आणि बोट पुढे केलं तर घट्ट धरतंय, अशा पिल्लाने स्वतःहून घरटं सोडलेलं असतं. बहुतेक छोटे पक्षी नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात आणि पुढचे बरेच दिवस आई-बाप त्यांना झुडपात, जमिनीवर भरवतात. आपण शेजारी उभे असलो की ते जवळ येत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो, बघा, टाकून दिलंय. पिल्लाला जवळच्या दाट झुडपात ठेवा, मांजर-कुत्रं आत कोंडा आणि लांबून तास-दोन तास लक्ष ठेवा. अंग उघडं, डोळे मिटलेले असतील तर मात्र ते घरट्यातलंच पिल्लू. परत घरट्यात ठेवा. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती तिथेच, सावलीत बांधा. पाकोळीचं पिल्लू याला अपवाद. ते घरट्यातून थेट आकाशात झेपावतं, त्यामुळे जमिनीवर सापडलं तर त्याला मदत लागतेच.

‘माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते.’ 1899 साली डेन्मार्कमध्ये हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. तेव्हापासून जगभरचे अभ्यासक घरट्यातली पिल्लं हातात घेऊन कडी घालतात, वजन करतात आणि परत ठेवतात. आई-बाप येतात, भरवतात. हात लागून पिल्लं टाकली जात असती तर ही पद्धत कधीच बंद पडली असती. एवढं मात्र मान्य करावं लागेल की अंडी उबवण्याच्या सुरुवातीला फार ढवळाढवळ केली तर काही पक्षी घरटं सोडतात. पण ते भीतीने. हाताच्या वासाशी त्याचा संबंध नाही.

आता सगळ्यात घातक ओळ: ‘ड्रॉपरने पाणी पाजा, मग दूध-पाव भरवा.’ पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. चोच उघडून पाणी सोडलं की ते सरळ तिथे जातं. पिल्लू गुदमरतं, किंवा त्या वेळी ठीक दिसतं आणि नंतर न्यूमोनियाने जातं. छोट्या पिल्लांना पाणी मिळतं ते किड्या-अळ्यांमधून. आई त्यांना वेगळं पाणी पाजत नाही. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही, जुलाब होतात आणि आधीच सुकलेलं पिल्लू आणखी सुकतं. पावात ना पुरेसं प्रथिन, ना कॅल्शियम. त्यावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे भरवते. कबुतराचं पिल्लू तर चोच वासतच नाही, ते आई-बापाच्या चोचीत चोच घालून खातं. त्याच्या तोंडात घास कोंबणं म्हणजे नुसती इजा. आणि पिल्लू गार पडलेलं असेल तर योग्य अन्नही पचत नाही. तेव्हा जाणकार माणूस भेटेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही.

‘उबेत ठेवा’ हे अर्धं खरं. पण मेसेजमधला कापूस आणि पिंजरा नको. कापसाचे धागे बोटांत अडकतात, तारांवर आपटून पिसं मोडतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, तळाशी टिश्यूपेपर घाला. कोमट पाण्याची बाटली कापडात घट्ट गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकू शकेल. झाकण लावून अंधारात, शांत जागी ठेवा आणि सारखं उघडून बघू नका.

‘हवेत उडवून उडायला शिकवा’ याला उत्तर एवढंच: हाड मोडतं.

मेसेजमध्ये मांजराचा उल्लेखच नाही. मांजराच्या तोंडातून सोडवलेल्या पिल्लावर जखम दिसली नाही तरी पिसांखाली दाताचं सुईएवढं भोक असू शकतं, आणि मांजराच्या तोंडातल्या पाश्चुरेला जिवाणूंनी ते दोन दिवसांत मरू शकतं. अशा पिल्लाला झुडपात परत ठेवू नका. त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे किंवा वन्यजीव उपचार केंद्रात न्या आणि मांजराने धरलं होतं हे आठवणीने सांगा, कारण प्रतिजैविक लगेच सुरू करावं लागतं.