'पाव क्रोसिन'वाला मेसेज आणि म्हाताऱ्या मांजराचे सांधे

पुण्यात जरा गारठा पडला की मांजरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. "मांजरांना संधिवात होत नाही, तो माणसांना आणि कुत्र्यांना. लंगडत नसेल तर दुखत नाहीये, वयामुळे झोप वाढलीय. फारच आखडली तर पाव क्रोसिन दुधातून द्या, बाम चोळा, डॉक्टरचे पैसे वाचवा." खाली हात जोडलेले. कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळ्यांनी पुढे ढकललेला.

मी शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण त्यानं मांजर मरतं.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे 125 मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला ते किलोमागे 31 च्या वर जातं, आणि किलोमागे 10 मिलिग्रॅमलासुद्धा विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आपलं लिव्हर पॅरासिटामॉल ज्या मुख्य वाटेनं निकामी करतं ती वाट मांजराकडे जवळपास नाहीच, मग औषधाचं जे विषारी रूप शरीरात साठतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं आणि रक्त ऑक्सिजन पोचवेनासं होतं. हिरड्या चॉकलेटी-करड्या दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो वेळेत मिळाला तर. कोणी आधीच गोळी दिली असेल तर 'सकाळपर्यंत बघू' करू नका, पाकीट हातात घ्या आणि निघा. डोलो म्हणजेही पॅरासिटामॉलच, आणि कॉम्बिफ्लाममध्ये वर आयबुप्रोफेन, तेही मांजराला विषच. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो म्हणून ते साधं होत नाही.

बामचं तसंच. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, त्यामुळे कापूर, सॅलिसिलेट, डायक्लोफिनॅक सगळं पोटात. (हेच डायक्लोफिनॅक गिधाडांच्या मुळावर आलं म्हणून जनावरांसाठी 2006 मध्ये बंद केलं.) अमेरिकेत 2015 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, कारण मालकांनी फ्लर्बिप्रोफेन या वेदनाशामकाचं मलम स्वतःच्या अंगाला लावलं होतं आणि आजारी पडून मेली घरातली मांजरं. तेव्हा आजी गुडघ्याला जेल चोळून बसल्या असतील तर मांजर मांडीवर नको.

आता 'लंगडत नाही'. अहो, लंगडणार कुठल्या पायावर? मांजरांची झीज बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असते, दोन्ही खुबे, दोन्ही कोपरे, शिवाय पाठीचा कणा. मग ते लंगडत नाही, गुपचूप कामं टाळतं. आधी ओट्यावरून थेट फ्रिजवर जाणारा बोका आता आधी स्टुलावर, मग ओट्यावर, तिथे थांबतो, वर बघतो, पुढचे पाय भिंतीला लावून अंदाज घेतो आणि राहू दे म्हणून खाली बसतो. उतरताना पुढचे पाय कपाटाच्या दारावरून घसरत येतात आणि मग धप्प. कमरेच्या मागच्या केसांत गुठळ्या, कारण मान तिथवर वळत नाही. नखं फरशीवर टकटक वाजतात. उचललं की गुरगुर. आणि ट्रेच्या बाजूला शू केली की घरचे म्हणतात 'राग काढते', तिला बिचारीला ट्रेची उंच कड ओलांडवत नसते.

'वय झालं' हे अर्धंच खरं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे बघितले तर 90 मध्ये सांध्यांची किंवा मणक्यांची झीज सापडली. म्हणजे म्हातारपणी हे सर्रास असतं, पण सर्रास असलेलं दुखत नाही असं थोडंच आहे! उलट एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं नेहमी जुळत नाही, आणि दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगड होऊन बसतं, म्हणून जिना चढतानाचा, उतरतानाचा, उडी मारतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या, डॉक्टरला त्याचा खरा उपयोग होतो. मागचे पाय अचानक गेले, गार पडले, मांजर ओरडतंय असं असेल तर मात्र तो संधिवात नाही, रक्ताची गुठळी असू शकते, तिथे व्हिडिओ काढत बसू नका.

दूध? बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतच नाही, सांध्याला फायदा शून्य.

आणि पैसे वाचवायचेच असतील तर घरात वाचतात की. वजन हळूहळू उतरवा. खिडकीखाली स्टूल. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी. ट्रेऐवजी नर्सरीत कुंडीखाली ठेवायची मोठी पसरट प्लेट मिळते ती, कड बोटभरच. डिसेंबरात पहाटे घर गारठतं तेव्हा जाड गोधडी, आणि दिवसा जाळी लावलेल्या बाल्कनीत ऊन. नखं आपण कापायची, नाहीतर वळून पंजाच्या गादीत घुसतात.

औषधं आहेत, मेलॉक्सिकॅम, गॅबापेंटिन, पण डॉक्टरनं मांजराचं वजन करून आणि किडनीची रक्ततपासणी बघून दिलेली, कारण या वयात किडनीही बऱ्याचदा कमजोर असते. शेजारच्या कुत्र्याचं उरलेलं सिरप नको, कुत्र्यांचं मेलॉक्सिकॅम बऱ्याचदा एका मिलीला 1.5 मिलिग्रॅमचं असतं, मांजरांचं 0.5 चं, म्हणजे तिप्पट डोस. आणि औषध सुरू असताना उलट्या झाल्या, खाणं सोडलं किंवा शी काळी झाली तर पुढचा डोस न देता आधी डॉक्टरला फोन.