लक्झेंबर्गची डोकी मोजायची कशी?

शनिवारी डोंबिवलीच्या फडके रोडवर नेहमीच्या जागी टेकलो, चहा सांगितला, आणि नंदूने मोबाइलवरची एक यादी मोठ्याने वाचायला घेतली. दरडोई उत्पन्नात युरोपातला चिमुकला लक्झेंबर्ग जगातल्या पहिल्या दोन-तीन देशांत, माणशी सव्वा लाख डॉलरच्या वर. "क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर. आपला गोवासुद्धा 3,702 आहे! ना समुद्र, ना तेल. याला म्हणतात कर्तबगारी," नंदू म्हणाला. बँकेत हयात गेलेला माणूस, आकड्यावर त्याचा जीव.

हेमंत लगेच म्हणाला, "हा आकडाच फसवा आहे."

हेमंतचा पुतण्या त्या देशात नोकरी करतो, पण राहतो फ्रान्समध्ये, तियोंव्हिल नावाच्या गावात. सकाळी तिथून गाडी पकडायची, अर्ध्या तासात लक्झेंबर्ग शहर, स्टेशनबाहेर ट्राम, आणि किर्शबेर्गच्या पठारावर ऑफिस. 2020 च्या मार्चपासून त्या देशात बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट आहे, पहिला वर्ग सोडून. पण पुतण्याला तिकीट काढावंच लागतं, कारण फुकट प्रवास सीमेपासून पुढे. घरापासून सीमेपर्यंतचे पैसे त्याचे त्याने भरायचे.

"असे रोज सव्वादोन लाखांहून जास्त लोक तीन देशांतून आत येतात," हेमंत म्हणाला. "निम्म्याहून जास्त फ्रान्समधून, बाकीचे बेल्जियम आणि जर्मनीतून. देशातल्या पगारी नोकऱ्यांपैकी जवळपास निम्म्या यांच्याकडे आहेत. आता तूच सांग नंदू, दरडोई उत्पन्न काढतोस कसं?"

"एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या."

"उत्पन्नात माझ्या पुतण्याचं काम धरलं. लोकसंख्येत तो धरला का? नाही. तो फ्रान्सचा रहिवासी. म्हणजे वर राबणारे सगळे हात, आणि खाली फक्त तिथे झोपणारी पावणेसात लाख डोकी."

नंदू गप्प झाला, पण दोनच मिनिटं. मग म्हणाला, ठीक आहे, आकडा फुगलेला असेल, पण नोकऱ्या तर खऱ्या आहेत? किमान पगार महिन्याला 2,600 युरोच्या वर, शेजारी फ्रान्समध्ये साधारण 1,800. शिवाय तिथे पगाराला महागाईची साखळी बांधलेली आहे. निर्देशांक अडीच टक्क्यांनी वर गेला, की अडीच टक्के वाढ मिळते. आपल्याकडे सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो तसं, फक्त तिथे तो दुकानातल्या पोरालाही मिळतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि मी ते तिथे बोललोही.

इथे दिलीप मध्ये पडला. तो आयुष्यभर पोलादाच्या कारखान्यात होता, त्यामुळे लक्झेंबर्ग म्हटलं की त्याला बँका दिसत नाहीत, भट्ट्या दिसतात. त्याने जे सांगितलं ते मला नवीन होतं.

एकोणिसाव्या शतकात हा गरीब शेतकऱ्यांचा देश. उत्तरेला आर्देनचं उंच, नापीक रान. हजारो लोक अमेरिकेला निघून गेले. दक्षिणेत लाल मातीत लोखंडाचं खनिज होतं, त्याला मिनेट म्हणतात, पण त्यात फॉस्फरस भरलेला. त्यापासून केलेलं पोलाद ठिसूळ व्हायचं. 1870 च्या दशकाच्या शेवटी सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या इंग्रजाने भट्टीला आतून वेगळं अस्तर लावून फॉस्फरस मळीत, म्हणजे पोलादातून वेगळ्या होणाऱ्या कचऱ्यात, ओढून घ्यायची युक्ती काढली, आणि या मातीचं सोनं झालं. "आणि ती मळीसुद्धा वाया गेली नाही," दिलीप हात नाचवत म्हणाला, "दळून खत म्हणून वापरली. उत्तरेच्या त्याच नापीक शेतात ती टाकली आणि पीक उभं राहिलं!" एका कारखान्याच्या घाणीने देशाच्या दुसऱ्या टोकाची शेती सुधारली, हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

1911 साली आर्बेड ही मोठी पोलाद कंपनी झाली. खाणीत आणि भट्टीवर काम करायला इटालियन आले, पुढे पोर्तुगीज. 1974 नंतर जगभर पोलादाची मंदी आली, भट्ट्या एकेक करून विझल्या. एश गावाजवळच्या बेल्व्हालची शेवटची भट्टी 1997 ला बंद झाली. तिथली एक भट्टी तर सुटी करून चीनमध्ये कुनमिंगला विकली. उरलेल्या दोन तशाच उभ्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्या पायाशी आता विद्यापीठ आहे. 2006 मध्ये लक्ष्मी मित्तलांनी आर्सेलर ही पोलाद कंपनी घेतली, त्या आर्सेलरच्या पोटात ही जुनी आर्बेड होती. मुख्यालय अजून लक्झेंबर्गमध्येच.

"म्हणजे परक्यांच्या हातांवर चालणं ही तिथली आजची गोष्ट नाही," दिलीप म्हणाला. "आधी भट्टीवर, आता कॉम्प्युटरवर."

नंदूने बँकांची बाजू लावून धरली. पोलाद गेलं तेव्हा सरकार रडत बसलं नाही. कायदे भराभर केले, गुंतवणूक फंडांना जागा दिली, आज फंडांच्या धंद्यात अमेरिकेखालोखाल त्यांचा नंबर. मीनलने त्याला तिथेच अडवलं. कायदे म्हणजे काय, तर दुसऱ्या देशात भरायचा कर इकडे थोडक्यात मिटवायची सोय; 2014 मध्ये लक्सलीक्सची कागदपत्रं फुटली तेव्हा शेकडो कंपन्यांचे तिथल्या करखात्याशी झालेले करार बाहेर आले. सार्वभौमत्व विकून पैसा केला, असं तिचं म्हणणं. नंदूला ते झोंबलं. छोट्या देशाकडे विकायला दुसरं होतं काय, असं तो म्हणाला. यावर बराच वेळ गेला, निकाल लागला नाही.

मीनल शिक्षिका, तिला खरा राग शाळेचा. पोरं बालवाडीत लक्झेंबर्गी बोलतात, अक्षर गिरवत आली ती वर्षानुवर्षं जर्मनमध्ये, पुढे शिकतात फ्रेंचमधून. घरात पोर्तुगीज बोलणारं पोर, आणि असे लोक तिथे सातात एक आहेत, पहिल्याच इयत्तेत मागे पडतं. वर्गात शिकवणाऱ्या बाईला हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

मग हेमंतने फोटो दाखवला. पुतण्याने काढलेला, बेल्जियमच्या सीमेवरचं मार्टलांज. मध्ये एकच रस्ता. एका अंगाला बेल्जियमची साधी घरं, दुसऱ्या अंगाला एकाला लागून एक नुसते पेट्रोल पंप. पंप लक्झेंबर्गचे, कारण तिथे कर कमी आणि पेट्रोल स्वस्त. समोरच्या घरातल्या माणसाने खिडकी उघडली की ट्रकचा धूर आत, पंपाचा कर मात्र पलीकडच्या सरकारला.

"पुतण्याचं असंच आहे. पगारावरचा कर लक्झेंबर्ग कापतं. त्याच्या मुलीची शाळा, गावचा रस्ता, गटार, ते फ्रान्सने बघायचं. जिनिव्हा 1973 पासून शेजारच्या फ्रेंच जिल्ह्यांना अशा लोकांच्या पगारातला साडेतीन टक्के हिस्सा देतं. बेल्जियमच्या गावांनाही लक्झेंबर्ग काही देतं. फ्रेंच गावांना तसं नाही."

नंदू म्हणाला, रेल्वे आणि पार्किंगच्या कामांत निम्मा खर्च ते उचलतात. ते खरंच आहे. पण रेल्वे माणसाला कामावर आणते. शाळा त्याच्या पोराला लागते. मी तीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला गेलो, मला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

कोरोनात हे सगळं उघडं पडलं. मार्च 2020 मध्ये जर्मनीने सीमेवर तपासणी बसवली, काही रस्ते बंदच केले. ज्या शेंगेन गावात 1985 साली मोझेल नदीत नांगरलेल्या बोटीवर सीमा उघडायचा करार झाला, ते लक्झेंबर्गचंच गाव. आणि त्याच देशाला पलीकडून येणाऱ्या नर्सेससाठी हॉटेलच्या खोल्या घ्याव्या लागल्या, उद्या सीमा बंद झाली तर रुग्णालयं चालवायची कोणी म्हणून.

"मग त्याने तिकडेच घर घ्यावं," नंदू म्हणाला. "नागरिकत्वही मिळेल."

"घरांचे भाव माहीत आहेत? तिथलेच लोक जर्मनीत राहायला जातात. आणि नागरिकत्वाला पाच वर्षं रहिवास लागतो, भाषेची परीक्षा लागते. हा नऊ वर्षं रोज जातो. रहिवास मोजला तर शून्य दिवस. घरून काम करायचं तर वर्षाला 34 दिवस, त्यावर गेला की फ्रान्सचा कर सुरू."

"मत तरी देता येतं कुठे?"

"तिथे राहणाऱ्या परक्यांनाच देशाच्या निवडणुकीत मत नाही. 2015 ला सार्वमत घेतलं, 78 टक्के लोक नाही म्हणाले. हा तर तिथे राहतही नाही. फ्रान्समध्ये हा परका."

"मग?"

"इथल्या यादीत आहे नाव," हेमंत म्हणाला. "पण त्यासाठी डोंबिवलीला यावं लागतं."